डावा माउस, उजवा माउस आणि एकच संगणक : बटणे वारंवार उलटण्यावरचे उपाय

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात, घराच्या पुढच्या खोलीत, मी गेली काही वर्षे एक सेवा केंद्र चालवते. संगणक एकच आहे आणि त्यावर काम करणारी माणसे दोन आहेत. मी उजव्या हाताने माउस धरते. माझे धाकटे दीर डावखुरे आहेत आणि कॉलेजात असल्यापासून ते डाव्या हातात माउस धरून, बटणे उलटी लावूनच, म्हणजे मुख्य क्लिक उजव्या बटणावर घेऊनच, काम करत आले आहेत. मी स्वयंपाकाला उठले की ते बसतात, ते बँकेच्या कामाला निघाले की मी बसते, आणि गर्दीच्या दिवशी अशी खुर्ची पंधरा-वीस वेळा बदलते. म्हणून आम्ही कीबोर्डच्या उजवीकडे माझा आणि डावीकडे भाऊजींचा असे दोन माउस लावले. दोन माउस एकाच संगणकाला लावता येतात का, असे पुष्कळ जण विचारतात. येतात, दोन्ही एकाच वेळी चालतात आणि पडद्यावरचा एकच कर्सर दोघांचेही ऐकतो. अडचण बटणांची होते, आणि ती एकदा सोडवली की संपली असे होत नाही. आमच्याकडे ती आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पुन्हा उभी राहत होती, आणि प्रत्येक वेळी तिचे कारण वेगळे निघत होते. ती सगळी कारणे आणि त्यांवरचे उपाय येथे सविस्तर लिहीत आहे.

अडचण नेमकी काय होते

भाऊजी बसताना सेटिंगमध्ये जाऊन बटणे उलटी करतात आणि उठताना सुलटी करायचे विसरतात, किंवा मी विसरते. पुढचा माणूस बसतो, तर्जनीने क्लिक करतो, आणि क्लिकऐवजी उजव्या बटणाची यादी उघडते. एवढ्यावर थांबले तर नुकसान नाही. पण घाईत माणूस तेच बटण पुन्हा दाबतो किंवा यादी घालवण्यासाठी भलतीकडे क्लिक करतो, आणि ब्राउझरच्या त्या यादीत ‘मागे’ आणि ‘रीलोड’ हे पर्याय अगदी वरच असतात. खरिपाच्या पीक विम्याच्या शेवटच्या दिवसांत माझ्या हातून असेच एकदा रीलोड दाबले गेले आणि एका वयस्क शेतकऱ्याचा पूर्ण भरलेला अर्ज गेला. गट क्रमांक, पिकाखालील क्षेत्र, बँक खाते, सारे पुन्हा भरायचे आणि ओटीपीही पुन्हा मागवायचा. काकाजींचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. ते उन्हात चालत घरी गेले आणि फोन घेऊन परत आले. “कामून जी, पुन्हा ओटीपी लागते?” एवढेच त्यांनी विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसानंतर मी या प्रश्नाकडे किरकोळ गैरसोय म्हणून पाहणे सोडले.

मूळ कुठे आहे

विंडोजमध्ये मुख्य बटण डावे की उजवे हे ठरवणारे सेटिंग प्रत्येक माउसचे वेगळे नसते. जोडलेल्या सगळ्या माउससाठी ते एकच असते. विंडोज 10 मध्ये ते सेटिंग्ज, डिव्हाइसेस, माउस या क्रमाने सापडते, आणि विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ व डिव्हाइसेस, माउस या क्रमाने. तेथे ‘उजवे’ निवडले की डावीकडचा माउस भाऊजींना हवा तसा होतो आणि त्याच क्षणी माझा उजवीकडचा माउस उलटतो. लॅपटॉप असेल तर टचपॅडखालची बटणेही त्याबरोबर उलटू शकतात.

हे सेटिंग संगणकाचे नसून वापरकर्त्याच्या खात्याचे असते, ही गोष्ट मात्र उपयोगाची आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज ज्यात साठवते त्या नोंदवहीत, ते चालू वापरकर्त्याच्या विभागात, कंट्रोल पॅनेलखालच्या माउस या फोल्डरमध्ये, ‘स्वॅपमाउसबटन्स’ या नावाने ठेवलेले असते. त्याची किंमत 0 असेल तर बटणे नेहमीसारखी आणि 1 असेल तर उलटी. खात्यात प्रवेश करताना विंडोज ही किंमत वाचते. पुढे जे काही सांगणार आहे, त्यातील अर्ध्या गोष्टींचा उलगडा या एका वाक्यातून होतो.

माझ्या मते या प्रश्नाकडे पाहण्याची योग्य दिशा अशी आहे : बटणांची अदलाबदल माउसच्या जितकी जवळ केली जाईल तितका घोटाळा कमी, आणि ती जितकी दूर, म्हणजे संपूर्ण संगणकाच्या पातळीवर, केली जाईल तितका घोटाळा जास्त. आणि ती कुठेही केली, तरी एकाच ठिकाणी करावी. दोन ठिकाणी केलेली अदलाबदल एकमेकींना खोडून काढते, आणि मग माणूस गोंधळून तिसऱ्या ठिकाणी काहीतरी बदलतो.

आधी अदलाबदल कुठे होते आहे ते शोधावे

काहीही नवे बसवण्यापूर्वी पाच मिनिटे काढून ही तपासणी करावी. विंडोजमधील मुख्य बटण ‘डावे’ करावे, म्हणजे मूळ स्थितीत आणावे. माउसच्या कंपनीचे एखादे सॉफ्टवेअर मागे चालू असेल तर ते बंद करावे. मग दोन्ही माउस काढून एकच लावावा आणि त्याचे प्रत्यक्षात डावीकडे असलेले बटण दाबावे. त्याने साधे क्लिक झाले तर त्या माउसमध्ये अदलाबदल नाही. यादी उघडली तर अदलाबदल माउसच्या आतच झालेली आहे. हेच दुसऱ्या माउसचेही करावे, आणि शंका राहिली तर तो माउस दुसऱ्या कोणाच्या संगणकाला लावून पाहावा.

ही तपासणी मी आग्रहाने सांगते, कारण खास डावखुऱ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही माउसमध्ये तर्जनीखालचे बटण कारखान्यातूनच मुख्य बटण म्हणून जोडलेले असते. असा माउस आणून वर विंडोजमध्येही बटणे उलटी केली, तर दोन उलट्यांचे एक सुलटे होते, आणि ‘महागाचा माउस आणूनही फरक पडला नाही’ असे वाटते. दोष माउसचा नसतो. विंडोजमधील अदलाबदल काढून टाकली की तो माउस आणि उजव्या हाताचा साधा माउस काहीही न करता शेजारी शेजारी नीट चालतात.

त्याआधीचा आणखी एक प्रश्न डावखुऱ्या माणसालाच विचारावा : तुम्हाला अदलाबदल खरोखर हवी आहे का? दहा माणसांत साधारण एक जण डावखुरा असतो, पण शाळेतील संगणक कक्षात त्यांतील बहुतेकांना उजव्या हाताच्या मांडणीवरच शिकावे लागते. त्यामुळे माउस डावीकडे घेऊनही मधल्या बोटाने मुख्य क्लिक करण्याची सवय असलेले अनेक जण भेटतात. त्यांच्यासाठी फक्त दुसरा माउस डावीकडे लावला की काम झाले. भाऊजींची सवय तशी नाही. घरातील एका थोरल्या माणसाने सुचवले होते की त्यांनी उजव्या हातानेच माउस धरायला शिकावे, म्हणजे प्रश्नच मिटेल. मला ते मुळीच पटले नाही. लहानपणी डाव्या हाताने जेवायला बसले म्हणून आणि डाव्या हाताने पाटीवर लिहिले म्हणून त्यांनी मार खाल्लेला आहे. दोन बटणांच्या जोडणीसाठी त्यांनी पुन्हा हात बदलावा, असे मी त्यांना सांगणार नव्हते.

विंडोजमधले मार्ग

सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे दोघांची दोन खाती. सेटिंग खात्याचे असल्यामुळे भाऊजींच्या खात्यात मुख्य बटण उजवे आणि माझ्या खात्यात डावे असे एकदाच ठरवता येते, आणि लाईन जाऊन संगणक बंद पडला तरी ते तसेच राहते. खाते बदलताना आधीच्या माणसाची कामे बंद करावी लागत नाहीत, दोन्ही खाती एकाच वेळी उघडी राहू शकतात. सकाळी एक आणि दुपारी एक अशी माणसे बदलणार असतील, तर याहून चांगला उपाय नाही आणि पुढचे वाचण्याचीही गरज नाही. आमची अडचण अशी, की खुर्ची दर अर्ध्या तासाला बदलते, एकाने अर्धवट भरलेला अर्ज दुसऱ्याला पुढे न्यावा लागतो, आणि तो अर्ज तर पहिल्याच्या खात्यातील ब्राउझरमध्ये अडकलेला असतो. शिवाय जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर दोन्ही खाती उघडी ठेवली की तो फार हळू होतो. आम्ही हा मार्ग दोन महिने वापरला आणि सोडला.

दुसरा मार्ग म्हणजे एका कळीने अदलाबदल. येथे एक सावधगिरीची सूचना आहे. ‘रनडीएलएल32’ने सुरू होणारी आणि पुढे ‘यूजर32’ व ‘स्वॅपमाउसबटन’ ही नावे असलेली एक ओळ पुष्कळ जण एकमेकांना पाठवतात आणि तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवायला सांगतात. ती ओळ चालवली की बटणे उलटतात, पण पुन्हा चालवली तर सुलटी होत नाहीत. कारण ‘स्वॅपमाउसबटन’ या फंक्शनला, म्हणजे बटणे फिरवणाऱ्या विंडोजमधल्या तयार आज्ञेला, ‘उलटे करायचे की सुलटे’ हे 1 किंवा 0 अशा आकड्याने सांगावे लागते, आणि या पद्धतीने बोलावल्यावर त्याला तेथे नेहमीच शून्याव्यतिरिक्त काहीतरी मिळते. परिणामी बटणे एकाच दिशेने बदलतात आणि माणसाला वाटते की संगणक बिघडला. ऑटोहॉटकी या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून तेच फंक्शन नेमका आकडा देऊन बोलावता येते. आत्ता बटणे उलटी आहेत की सुलटी हे विंडोजला विचारण्यासाठी ‘सिस्टम मेट्रिक्स’ या विंडोजच्या माहितीच्या यादीतील 23 हा क्रमांक आहे. त्या उत्तराच्या विरुद्ध आकडा फंक्शनला दिला, की एफ9 सारखी एकच कळ दोन्ही दिशांना चालते.

या मार्गाचा तोटा लक्षात ठेवावा. अशा रीतीने केलेला बदल रजिस्ट्रीत लिहिला जात नाही. संगणक पुन्हा सुरू झाला की रजिस्ट्रीतील जुनीच किंमत वाचली जाते. आमच्याकडे पावसाळ्यात लाईन दिवसातून अनेकदा जाते आणि इन्व्हर्टरने भार घ्यायला क्षणभर उशीर केला की संगणक नव्याने चालू होतो; त्यानंतर ‘काल तर नीट होते’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण हेच असते. म्हणून सेटिंगमधील कायमची निवड जास्त वेळ बसणाऱ्या माणसाच्या सोयीची ठेवावी आणि कळ दुसऱ्याने वापरावी. तरीही कळ दाबायची आठवण माणसालाच ठेवावी लागते, हा मूळ प्रश्न सुटत नाही.

तिसरा मार्ग आठवणीचे ओझे काढून घेतो. आयदरमाउस नावाचा एक छोटा, विनामूल्य मिळणारा प्रोग्राम नेमका याच प्रश्नासाठी बनवलेला आहे. कोणता माउस हलतो आहे हे तो ओळखतो आणि त्या माउससाठी ठरवून दिलेली बटणांची मांडणी लागू करतो. कर्सरचा वेगही प्रत्येक माउससाठी वेगळा ठेवता येतो. पहिल्या दिवशी भाऊजी खोलीतूनच ओरडले, “वहिनी, आता आपोआपच उलटते जी!” आमचे पुष्कळ दिवस यावर चांगले गेले. पण तो नेमके काय करतो हे समजून घेतले नाही, तर त्याच्याही तक्रारी सुरू होतात.

तो दोन माउससाठी दोन वेगळी सेटिंग्ज एकाच वेळी लागू करत नाही. विंडोजचे तेच एकमेव सेटिंग तो हालचाल पाहून मागेपुढे फिरवतो. त्यामुळे माउस न हलवता, कर्सर आधीच योग्य जागी आहे म्हणून थेट क्लिक केले, तर ते क्लिक आधीच्या माणसाच्या मांडणीने होते. माउस हातात घेतल्यावर आधी तो थोडा हलवायचा आणि मगच क्लिक करायचे, ही सवय आम्ही दोघांनी लावून घेतली.

याहून त्रासदायक म्हणजे, दुसरा माउस कोणी हलवला नसतानाही हलतो. आमचा प्रिंटर त्याच टेबलावर होता. सातबारा छापायला टाकला की टेबल थरथरे, डावीकडचा माउस किंचित सरके, आणि मी उजव्या माउसने काम करत असताना माझी बटणे उलटत. कारण सापडायला मला तीन आठवडे लागले, कारण बिघाड फक्त छपाई चालू असतानाच होत होता आणि तेव्हा माझे लक्ष कागदाकडे असे. प्रिंटर भिंतीकडच्या फळीवर हलवल्यावर ते थांबले. त्यानंतर कापसाच्या हंगामात तेच पुन्हा सुरू झाले, पण छपाई नसतानाही. माउस उलटा करून पाहिला तर खालच्या प्रकाशाच्या भोकात कापसाचा बारीक तंतू अडकलेला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने तो हलत होता. सेन्सरच्या दृष्टीने तीही हालचालच. आमच्याकडे ऑक्टोबरनंतर घरोघरी कापूस येतो, माणसांच्या कपड्यांना तंतू चिकटलेले असतात, आणि ते टेबलावर येतातच. कोरड्या मऊ ब्रशने ते भोक दर आठवड्याला साफ करावे, आणि माउस काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या पृष्ठभागावर न ठेवता कापडी पॅडवर ठेवावा. वायरलेस माउस असेल आणि त्याला खाली बंद करण्याचे बटण असेल, तर उठताना ते बंद करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट यूएसबीच्या छिद्रांची. साध्या माउसला स्वतःचा अनुक्रमांक सहसा नसतो, म्हणून तोच माउस दुसऱ्या छिद्रात लावला की विंडोज त्याला नवा माउस समजते आणि त्याच्यासाठी ठरवलेली मांडणी लागू होत नाही. झाडलोट करताना कोणी दोन्ही वायरी काढून उलटसुलट लावल्या, की सगळे विस्कटते. मी डाव्या माउसवर एक लाल टिकली लावली, त्याच्या यूएसबीच्या टोकावर एक, आणि संगणकाच्या त्या छिद्राशेजारी एक. त्यानंतर वायरी चुकीच्या लागल्या नाहीत.

इंटरसेप्शनसारखा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यामध्ये बसणारा प्रोग्राम, बसवून प्रत्येक माउसचे संदेश विंडोजपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बदलता येतात आणि तो दहा माउसपर्यंत वेगवेगळे ओळखतो, हे मला माहीत आहे. तांत्रिक दृष्टीने तो उपाय बरोबर आहे. पण असा ड्रायव्हर कीबोर्डवरची प्रत्येक कळही पाहू शकतो, आणि ज्या संगणकावर लोकांची बँक खाती उघडतात आणि आधारसाठी अंगठे लागतात, त्यावर मी तो बसवणार नाही. घरच्या संगणकावर ज्याला हवा त्याने विचार करावा.

माउसमध्येच अदलाबदल

शेवटी आम्ही ज्या उपायावर थांबलो तो विंडोजच्या बाहेरचा आहे. संगणकाला काही सांगायचेच नाही. डाव्या माउसने स्वतःच उलटा संदेश पाठवायचा.

याची विकतची रीत म्हणजे बटणांची कामे बदलता येणारा आणि ती स्वतःच्या आत साठवून ठेवणारा माउस. खोक्यावर ‘ऑनबोर्ड मेमरी’ असे लिहिलेले आहे का ते पाहावे आणि दुकानदाराला तसे विचारावे. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून उजव्या बटणाला डाव्या क्लिकचे काम आणि डाव्याला उजव्याचे काम द्यावे, ते माउसमध्ये साठवावे, आणि नंतर ते सॉफ्टवेअर काढून टाकले तरी चालते. काम बदलताना क्रम पाळावा : आधी उजव्या बटणाला डाव्या क्लिकचे काम द्यावे आणि नंतरच डावे बटण बदलावे, कारण अशा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये डाव्या क्लिकचे एक तरी बटण शिल्लक असल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. ज्या माउसमध्ये अशी मेमरी नसते, त्यात ही कामे सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच बदललेली राहतात. विकत घेण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा.

असे माउस साध्या माउसच्या कितीतरी पट महाग असतात. म्हणून आम्ही दुसरी रीत धरली. साध्या, वायरच्या माउसच्या आत प्रत्येक बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो. त्याला तीन पाय असतात आणि त्यांपैकी सामान्यतः दोनच वापरात असतात : एक दोन्ही स्विचना समान असलेल्या रेषेला जोडलेला, आणि दुसरा चिपच्या आपापल्या पिनला. चिपकडे जाणाऱ्या त्या दोन रेषा सर्किट बोर्डावर धारदार पात्याने तोडायच्या, आणि बारीक वार्निशच्या तारेने डाव्या स्विचचा पाय उजव्याच्या पिनला व उजव्याचा डाव्याच्या पिनला जोडायचा. तारेच्या टोकांचे वार्निश आधी खरवडून काढावे, नाहीतर डाग (सोल्डरिंग) धरत नाही. आर्वीच्या बाजारात मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या एका तरुणाने आमच्यासमोर अर्ध्या तासात हे करून दिले. त्याला आधी वाटले की आम्ही बिघडलेला माउस आणला आहे. काय हवे ते कागदावर काढून दाखवल्यावर त्याने स्वतःच आणखी एक सुधारणा केली : तारा ताणल्या जाऊ नयेत म्हणून त्यांवर गरम गोंदाचा एक थेंब सोडला.

हे काम करताना माउस संगणकातून काढलेला असावा. यूएसबीचा दाब 5 व्होल्ट असल्यामुळे माणसाला धोका नाही, पण चुकीच्या जागी डाग लागला तर माउस जाऊ शकतो, आणि वॉरंटी तर झाकण उघडताच संपते. म्हणून स्वस्त आणि दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माउसच यासाठी घ्यावा. अंगठ्यासाठी एका बाजूला खोलगट आकार दिलेला उजव्या हाताचा माउस घेतला, तर बटणे सुधारतील, पण डाव्या हाताला तो बोचत राहील. वायरलेस माउसचेही असे करता येते, फक्त त्यातून सेल आधी काढावा.

डाग देऊन आणल्यानंतर विंडोजमधील मुख्य बटण ‘डावे’ करावे, ऑटोहॉटकीची कळ आणि आयदरमाउस दोन्ही काढून टाकावेत. हे विसरले तर पुन्हा दोन ठिकाणी अदलाबदल होते. आमच्याकडे सुरुवातीला तसेच झाले : आयदरमाउस संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांमध्ये राहून गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक चालू होताच डावा माउस ‘बिघडला’.

लिनक्स असेल तर

माझ्या मुलीच्या अभ्यासाच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, आणि तेथे हा प्रश्न मुळातच सोपा आहे, कारण तेथे प्रत्येक माउसचा बटणांचा नकाशा वेगळा ठेवता येतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एक्सइनपुट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत ‘लिस्ट’सह दिली की जोडलेल्या माउसची नावे आणि क्रमांक दिसतात. मग त्याच आज्ञेच्या ‘सेट-बटन-मॅप’ या पर्यायाला डाव्या माउसचे नाव आणि पुढे 3 2 1 असा क्रम दिला की फक्त तोच माउस उलटतो.

येथेही अडचण परत येण्याचे कारण ठरलेले आहे. माउस काढून लावला किंवा लॅपटॉप नव्याने सुरू केला की तो नकाशा पुसला जातो, आणि क्रमांकही बदलू शकतो. म्हणून आज्ञेत क्रमांक न लिहिता नाव लिहावे. कायमचे करायचे असेल तर एक्स सर्व्हर, म्हणजे लिनक्सचा पडदा व माउस सांभाळणारा प्रोग्राम, त्याच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये त्या माउसच्या नावाची एक छोटी फाइल ठेवून तिच्यात ‘बटनमॅपिंग’ला 3 2 1 द्यावे. दोन्ही माउस एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे असतील तर दोघांची नावे सारखीच दिसतात आणि हा उपाय फसतो. त्यामुळे दोन माउस वेगवेगळ्या मॉडेलचेच घ्यावेत.

एक्स सर्व्हरऐवजी वेलँड या नव्या पद्धतीवर चालणाऱ्या डेस्कटॉपमध्ये मात्र एक्सइनपुटचा उपयोग होत नाही. केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपच्या माउस सेटिंगमध्ये प्रत्येक माउस निवडून त्याला डावखुरा करता येतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये सर्व माउससाठी एकच निवड असते, म्हणजे विंडोजसारखीच स्थिती.

आमच्या केंद्रातील अंगठ्याच्या यंत्राचे सॉफ्टवेअर विंडोजवरच चालते, नाहीतर मी केंद्रातही लिनक्सच ठेवले असते.

तरीही उरणाऱ्या दोन तक्रारी

विंडोजमधील अदलाबदल वापरणाऱ्यांना दुरून मदत करणारा तंत्रज्ञ ‘तुमच्या संगणकावर माझे क्लिक उलटे होत आहेत’ असे सांगू शकतो. त्याच्या प्रोग्रामने पाठवलेले डावे क्लिक तुमच्या विंडोजमध्ये पोहोचल्यावर तुमच्याच सेटिंगने उलटते. त्याने काही बदलू नये. तुम्ही तेवढ्या वेळापुरते मुख्य बटण ‘डावे’ करून द्यावे आणि काम झाल्यावर परत फिरवावे. डाग देऊन उलटवलेल्या माउसमुळे ही तक्रार उद्भवत नाही, कारण विंडोज मूळ स्थितीतच असते.

दुसरी तक्रार संगणक चालू झाल्यावर येणाऱ्या प्रवेशाच्या पडद्याची. तेथे अजून कोणतेही खाते उघडलेले नसते, म्हणून खात्यातील अदलाबदल लागू होत नाही आणि डावखुऱ्या माणसाला तेवढ्यापुरती बटणे नेहमीच्या क्रमाने मिळतात. दोन खात्यांचा मार्ग वापरणाऱ्यांना हे रोज जाणवते. तेथे माउसला हातच लावू नये. एंटर दाबावे, टॅबने खात्याच्या नावापर्यंत जावे, पासवर्ड टाकावा आणि पुन्हा एंटर दाबावे. त्या पडद्यावर माउसची गरज पडेल असे काहीच नसते.